जिंकता न येणारा खेळ

सभागृहात आज दोन पिढ्या दिसताहेत, आजी-आजोबा आणि नातवंडं. मधली पिढी बहुधा अजून बाहेर गाडी लावायला जागा शोधते आहे. हरकत नाही. आजचा विषय नातवंडांना माझ्यापेक्षा जास्त कळतो, त्यामुळे माझं काही चुकलं तर त्यांनी तिथल्या तिथे हात वर करावा.

विषय जाहीर झाला तेव्हा मला एका मित्राने विचारलं, "व्हिडिओ गेमवर तासभर बोलण्यासारखं असतं का रे काही?" प्रश्न रास्त आहे. काही वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं असतं. मग माझ्या हातून एक चूक झाली. तिथूनच सुरुवात करतो.

ताईकडे गेलो होतो. ती म्हणाली, लॅपटॉप फार हळू चालतोय, जरा बघ. मी बघितलं म्हणजे काय केलं, सगळं पुसून टाकलं आणि विंडोज नव्याने घातली. फोटो आणि ताईची कामाची कागदपत्रं आधी काढून ठेवली होती, तेवढी अक्कल होती. संध्याकाळी भाची शाळेतून आली. लॅपटॉप उघडला, आणि बराच वेळ नुसती बघत बसली. तिचं माइनक्राफ्टमधलं तीन वर्षांचं जग त्यात होतं. मी म्हटलं, "अगं त्यात काय, नवीन सुरू कर. खेळच तर आहे." ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मामा, एकदा विचारायचं तरी." आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

तीन वर्षं एका खेळात असं काय असतं, हे मी त्या दिवसापासून शोधायला लागलो.

आजी-आजोबांसाठी खेळ थोडक्यात सांगतो. पडद्यावर एक जग असतं, ठोकळ्यांचं. मातीचा ठोकळा, दगडाचा, लाकडाचा, वाळूचा. प्रत्येकाची बाजू एक मीटर. तुम्ही ठोकळा फोडायचा, गोळा करायचा आणि हवा तिथे ठेवायचा. बस. अमुक कर, तमुक जिंक असं कुणी सांगत नाही. एका टोकाला ड्रॅगन आहे, त्याला मारलं की श्रेयनामावलीही येते; पण ती संपली की तुम्ही परत आपल्या जगात, आणि खेळ सुरूच. मार्कुस पेर्सन नावाच्या स्वीडिश प्रोग्रामरने १७ मे २००९ रोजी याची पहिली कच्ची आवृत्ती लोकांपुढे ठेवली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. २०२३ मध्ये खपलेल्या प्रतींचा आकडा ३० कोटींच्या वर गेल्याचं जाहीर झालं. आणि दिसायला कसा? चित्रकलेच्या तासाला आलेख-कागदावर रंगवल्यासारखा.

तर हा टिकतो कशामुळे? सहसा मिळणारं उत्तर म्हणजे "स्वातंत्र्य, हवं ते करता येतं." मला हे उत्तर पटत नाही. कोऱ्या कागदावरही हवं ते करता येतं. आपल्याकडच्या मुलाला कोरा कागद द्या आणि सांगा, काहीही काढ. काय काढतो? (प्रेक्षकांतून: डोंगर!) दोन डोंगर. मधोमध सूर्य. सूर्यातून निघालेली नदी, काठावर नारळाचं झाड आणि एक झोपडी. गेली पन्नास वर्षं तेच चित्र. पूर्ण स्वातंत्र्य दिलं की माणूस पाठ केलेलं बाहेर काढतो. दुसरं काहीतरी लागतं.

ते काय, याचा एक धागा १९८४ मध्ये सापडतो. विल राइट नावाचा अमेरिकन तरुण एक खेळ लिहीत होता. हेलिकॉप्टरमधून बेटांवर बाँब टाकायचे, असा साधा मामला. ती बेटं आखायला त्याने स्वतःपुरतं एक साधन बनवलं: इथे रस्ता, इथे कारखाना. खेळ बाजारात आला तरी राइट आपला त्या साधनाशीच खेळत बसलेला. बेट उडवण्यापेक्षा बेट वसवण्यात त्याला जास्त मजा येत होती. मग त्याने त्या शहराला जिवंत करणारे नियम घातले. रस्ता नसेल तर वस्ती वाढत नाही, कारखान्याशेजारी जमिनीचा भाव पडतो, कर वाढवला की लोक निघून जातात. प्रकाशकांना दाखवलं तर ते म्हणाले, यात जिंकायचं कधी? जिंकायचं नव्हतंच. शेवटी राइटने एका भागीदाराबरोबर स्वतःची कंपनी काढली आणि १९८९ मध्ये 'सिमसिटी' बाजारात आला. राइट त्याला खेळ म्हणण्यापेक्षा खेळणं म्हणणं पसंत करायचा. मराठीत हा फरक फार सुंदर दिसतो. खेळाला शेवट असतो. खेळण्याला नसतो.

दुसरा धागा त्याहून जुना आहे, आणि संगणकाचा त्याच्याशी काही संबंध नाही. डेन्मार्कमध्ये सी. टी. सोरेन्सन नावाचे उद्यानरचनाकार होते. मुलांसाठी ते नीटनेटकी क्रीडांगणं आखायचे. त्यांच्या लक्षात आलं की मुलं त्या क्रीडांगणांपेक्षा बांधकामाच्या जागेवर, फळ्या-विटांच्या ढिगाऱ्यात जास्त रमतात. तुम्हा-आम्हाला नवल नाही. रेती टाकलेली दिसली की आपण काय करायचो? पण सोरेन्सन यांनी ते गांभीर्याने घेतलं. १९४३ मध्ये, देश जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एमड्रुप भागात त्यांच्या कल्पनेतलं भंगाराचं क्रीडांगण उभं राहिलं. घसरगुंडी नाही, झोपाळा नाही. लाकडं, दोऱ्या, विटा, अवजारं आणि लक्ष ठेवायला एक मोठा माणूस. मुलांनी तिथे घरं बांधली, पाडली, पुन्हा बांधली. पुढे युद्धानंतर ही कल्पना इंग्लंडमध्ये गेली आणि बाँबने उद्ध्वस्त झालेल्या मोकळ्या जागांवर अशी मैदानं झाली. आपल्या सगळ्या कामांत हेच सर्वांत कुरूप, आणि तरीही आपल्या दृष्टीने सर्वांत सुंदर, असं सोरेन्सन नंतर म्हणायचे.

घसरगुंडीचा उपयोग एकच. फळीचा उपयोग तुम्ही ठरवाल तो. पण, आणि माझ्या मते हेच महत्त्वाचं आहे, फळी तुमचं सगळं ऐकत नाही. ती जड असते, तिला टेकू लागतो, खिळा वाकडा गेला तर ती चिरते. तिचे स्वतःचे नियम असतात. कोऱ्या कागदाला ते नसतात.

(इथे एका मुलीने हात वर केला: "पण माइनक्राफ्टमध्ये फळी हवेत राहते!")

बरोबर! शाब्बास. तिथे दगड हवेत लटकतो. झाडाचा बुंधा तोडला तरी वरचं लाकूड जागच्या जागी. वाळू मात्र पडते. पाणी सपाट जमिनीवर सात ठोकळे वाहतं आणि थांबतं. आपल्या भौतिकशास्त्राशी हे जुळत नाही, पण रोज तसंच घडतं. नियम खरे नसले तरी चालतात, ते पक्के असावे लागतात.

आणि त्यांना परिणाम असावे लागतात. या खेळातला एक दिवस वीस मिनिटांचा आहे. त्यातली साधारण दहा मिनिटं ऊन. मग अंधार पडतो आणि राक्षस येतात. पहिल्या दिवशी मूल जे घर बांधतं ते बघा: मातीची चार भिंताडं, दाराचा पत्ता नाही. पण ते घर त्याला आठवतं. छप्पर कशासाठी असतं, हे त्याला त्या रात्री कळलेलं असतं. याच खेळात दुसरी एक पद्धत आहे. तिथे रात्रीची भीती नाही, सगळे ठोकळे फुकट, उडताही येतं. मोठे राजवाडे तिथे होतात, खरं आहे. पण मी पाहिलेल्या मुलांपैकी बरीचशी तिथे दोन दिवसांत कंटाळली आणि परत भीतीच्या जगात आली.

आता भाचीच्या दाराबद्दल सांगतो. या जगात रेडस्टोन नावाची लाल पूड मिळते. ती जमिनीवर पसरली की विजेच्या तारेसारखं काम करते, तिच्यातून संदेश पंधरा ठोकळ्यांपर्यंत जातो. आणि एक रेडस्टोनची मशाल असते, ती उलट्या डोक्याची. जिच्यावर ती लावली त्या ठोकळ्याला संदेश मिळाला की ती विझते, संदेश थांबला की पेटते. म्हणजे ती 'नाही' म्हणणारी मशाल. भाचीने डोंगरात गुप्त दार केलं होतं. कळ दाबली की उघडायला हवं, तर ते बंदच व्हायचं. चार दिवस ती अडली. मग तिने आणखी एक मशाल मध्ये घातली. दोन नकार मिळून होकार झाला. सहावीत होती. आता गंमत बघा, त्या एका ठोकळ्यापाशी दोन तारा आणल्या, तर दोन्हींपैकी एकीतून जरी संदेश आला तरी मशाल विझते. संगणकशास्त्रात याला 'नॉर गेट' म्हणतात, आणि केवळ याच एका भागाच्या जोडण्यांतून कुठलाही अंकीय संगणक बांधता येतो. खेळाडूंनी खरंच बांधलेत. २०२२ मध्ये तर खेळाच्या आत उभारलेल्या संगणकावर याच खेळाची एक छोटी आवृत्ती चालवून दाखवली गेली. हे कुणी शिकवलं नव्हतं. लाल पूड होती आणि वेळ होता.

पुन्हा त्या पुसलेल्या लॅपटॉपकडे येतो. हे जग केवढं असतं? एका दिशेला सहा कोटी ठोकळे, दुसऱ्या दिशेला सहा कोटी. म्हणजे साठ हजार किलोमीटर. पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटर आहे. एवढं लॅपटॉपमध्ये मावेल कसं? मावत नाहीच. सुरुवातीला फक्त एक आकडा असतो, त्याला 'सीड' म्हणतात. बीजच ते. तुम्ही जसजसे चालत जाल तसतसा त्या आकड्यावरून पुढचा डोंगर, पुढची नदी गणिताने तयार होते. तोच आकडा, खेळाची तीच आवृत्ती, की तेच डोंगर, तीच नदी, जगात कुठेही.

भाचीने तो आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता, मावसबहिणीला द्यायला. आठवड्याने तिला तो आठवला. आम्ही दोघांनी टाइप केला. जग उघडलं. ती चालत निघाली, मला म्हणाली, "आता डावीकडे तळं येईल." आलं. "आता डोंगर." डोंगर आला. त्याच्यापुढे ती थांबली. दार नव्हतं. पायऱ्या नव्हत्या, कलिंगडांचा मळा नव्हता. डोंगर ती यायच्या आधी जसा होता तसा उभा. त्या आकड्यातून डोंगर परत मिळतो. तिने त्यात केलेला फरक नाही मिळत. मी काय पुसलं होतं ते मला तेव्हा दिसलं.

याच्या उलट घडलेलीही एक गोष्ट आहे. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी नकाशा खात्याने अख्खा देश माइनक्राफ्टमध्ये उभा केला, प्रत्यक्ष मापाने, घरं-रस्त्यांसकट. हेतू चांगला, मुलांना भूगोल शिकता यावा. स्फोटकं बंद ठेवली होती, पण स्फोटकं भरलेली खाणगाडी बंद करायची राहून गेली. काही आठवड्यांतच लोकांनी एका भागात इमारती उडवल्या आणि वर अमेरिकेचे झेंडे लावले. नुकसान थोडं होतं. पण बातमी वाचून मला सोरेन्सन आठवले. तयार देश हातात दिला तर त्याचं करायचं काय? (हशा)

आपल्याकडचं उदाहरण तुमच्या मनात कधीच आलं असेल. दिवाळीचा किल्ला. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेली गोणपाटं, अळीव पेरायचं, ते उगवेल की नाही याची रोज सकाळी तपासणी. सुरुवातीला सगळे म्हणतात हा प्रतापगड. चौथ्या दिवशी पायथ्याशी प्लास्टिकचा जिराफ आणि आगगाडी उभी असते. पाण्याचं तळं गळतं, भुयार ढासळतं. चिखल ऐकत नाही, म्हणूनच दिवसभर कोपरापर्यंत हात माखून बसायचो ना? त्याच्या स्पर्धा सुरू झाल्या, परीक्षक यायला लागले, तेव्हापासून जिराफ गेला. मला त्याचं वाईट वाटतं, स्पर्धा भरवणाऱ्यांची क्षमा मागून सांगतो.

एक फरक मात्र आहे. किल्ला आपण तुळशीच्या लग्नाच्या आसपास स्वतःच मोडायचो, नाहीतर पावसाची सर मोडायची. संगणकातलं जग मोडत नाही. ते वर्षानुवर्षं राहतं आणि मूल त्यात वाढतं. नववीत गेल्यावर पाचवीतलं घर बघून हसतं आणि ते पाडत मात्र नाही. म्हणून ते हरवलं तर जास्त हरवतं.

वेळ होत आला. एखादा प्रश्न घेऊ.

*प्रश्न (एक आजोबा): नातू तासन्‌तास बसतो. जेवायला हाक मारली की "पाच मिनिटं". काय करावं?*

वेळेची मर्यादा जरूर घाला. डोळे, झोप, मैदान, यांना पर्याय नाही. शिवाय अनोळखी लोकांबरोबर खेळतोय का आणि आत पैसे मागणारी दुकानं आहेत का, हे पालकांनी बघायलाच हवं. पण बटण एकदम बंद करू नका. हातातलं छप्पर पुरं होऊ द्या, भाकरी तव्यावर असताना गॅस बंद केल्यासारखं वाटतं त्याला. आणि एकदा शेजारी बसून म्हणा, मला फिरवून आण. कुठून कुठे नेतो ते बघा.

*प्रश्न (तीच मुलगी): तुमच्या भाचीने मग काय केलं?*

त्या डोंगरावर पुन्हा नाही बांधलं. तळ्याच्या पलीकडे गेली. ताईच्या कपाटात आता एक पेनड्राइव्ह असतो, दर रविवारी जगाची प्रत त्यावर जाते. वर चिकटपट्टीवर लिहिलंय: 'मामाने हात लावू नये.'