डब्यावरचं इंग्रजी घरच्या पोरांना शिकवा



"कॅम्प नंबर चारला भाजी टाकली आणि स्लो लोकल पकडून घरी आलो." आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात हे वाक्य कानावर आलं नाही असा दिवस जात नाही. त्यात इंग्रजी शब्द किती आले ते मोजून पाहा. कॅम्प, नंबर, स्लो, लोकल. बोलणाऱ्याला शाळेची पायरी माहीत असो वा नसो, अर्थ मात्र पक्का ठाऊक असतो. कॅम्प म्हणजे छावणी. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. 1947 च्या फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित राहायला आले आणि 1949 साली त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. लष्कर गेलं, कॅम्प हा शब्द मात्र आजही आपल्या बोलण्यात आहे.

तेव्हा आपल्या माणसाला इंग्रजी शब्द समजत नाही, हे काही खरं नाही. कानाने ऐकलेला शब्द समजतो, छापलेला ओळखता येत नाही, ही खरी अडचण आहे. आणि शेतीत नेमका छापलेला शब्दच घात करतो.

मागे एकदा बारवीकडच्या एका गावात भेंडीच्या प्लॉटवर गेलो होतो. मावा पडला होता. आजोबांनी पडवीतल्या फळीवरची बाटली काढली आणि पंपात पाणी भरायला घेतलं. सहावीतली नात बाजूला उभी होती. ती म्हणाली, "आबा, ह्याच्यावर इन्सेक्ट लिहिलेलं नाही." मी बाटली हातात घेतली. ते तणनाशक होतं! दोन्ही बाटल्या सारख्याच रंगाच्या, एकाच फळीवर ठेवलेल्या. इन्सेक्ट म्हणजे किडा, एवढा एक शब्द तिला शाळेच्या पुस्तकातून माहीत होता, म्हणून भेंडी वाचली.

तुमच्या घरातही असं शिकणारं पोर आहे. पूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात, 2000 सालापासून ते पहिलीपासून आलं. आज तिसरी-चौथीतलं पोरही अक्षर लावून वाचतं. त्याला पुस्तकातल्या ॲपलबरोबर आपल्या घरातले शब्दही द्या. कोणते, ते आता पाहू.

शेवटी 'साइड' म्हणजे मारणारं

औषधाच्या डब्यावरचं मोठं नाव कंपनीचं असतं, ते सोडून द्या. खालच्या बारीक शब्दाचं शेपूट पाहा. सी-आय-डी-ई, म्हणजे 'साइड', अर्थात मारणारं. कोणाला मारणारं, ते पुढच्या तुकड्यावरून कळतं. 'इन्सेक्टि' असेल तर कीडनाशक, 'फंगी' असेल तर बुरशीनाशक, 'हर्बि' असेल तर तणनाशक. भातावर करपा आला असेल आणि दुकानातून 'इन्सेक्टिसाइड' हाती आलं, तर पैसे पाण्यात गेले, कारण करपा हा बुरशीचा रोग आहे. तीन शब्द पाठ झाले की निम्मं काम झालं.

पॉयझन, डेंजर, कॉशन

प्रत्येक डब्यावर पतंगासारखा तिरका चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग आणि वरच्या भागात शब्द. लाल रंगावर कवटी आणि 'पॉयझन', म्हणजे विष. हे सर्वांत जहाल. पिवळ्यावरही 'पॉयझन', तेही फार विषारी. निळ्यावर 'डेंजर', म्हणजे धोका. हिरव्यावर 'कॉशन', म्हणजे सांभाळून.

पोरांची एक गल्लत इथे होते. सिग्नल हिरवा झाला की लोकल सुटते, म्हणून हिरवा म्हणजे बिनधोक असं त्यांना वाटतं. तसं नाही. हिरवा म्हणजे कमी विषारी. विष ते विषच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या हंगामात विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. शब्द वाचता आल्याने सगळं टळतं असं मी म्हणणार नाही. मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा हे सांभाळायलाच हवं. पण आपल्या हातात काय आहे हे आधी कळलं पाहिजे.

आणखी एक शब्द त्याच डब्यावर असतो, 'अँटिडोट', म्हणजे विषावरचा उतारा. कोणाला चक्कर, उलटी, घाम सुरू झाला तर दवाखान्यात जाताना डब्यावरचा कागद आणि माहितीपत्रक बरोबर न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

मात्र एक पथ्य पाळा. वाचायला लावायचं म्हणून औषधाचा डबा पोराच्या हातात देऊ नका. डबा तुम्ही धरा, त्याने लांबून वाचावं. 'चिल्ड्रन' हा शब्दही त्याच डब्यावर आहे. मुलांपासून दूर ठेवा, असं ते वाक्य सांगतं.

तारखा आणि किंमत

एम-एफ-जी म्हणजे माल बनल्याची तारीख. ई-एक्स-पी म्हणजे एक्सपायरी, औषधाची मुदत संपण्याची तारीख. तारीख लिहिताना आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. 'बॅच' म्हणजे एका वेळी बनलेला घाणा. उद्या तक्रार करायची झाली तर हा नंबर लागतो, म्हणून तो बिलावर लिहून घ्या. 'नेट' म्हणजे डब्याचं वजन सोडून आतला निव्वळ माल. एम-आर-पी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, सर्व करांसह. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो, जास्त नाही.

बियाण्याची चिठ्ठी

भाताच्या पिशवीला शिवलेली चिठ्ठी फाडून फेकू नका. निळी चिठ्ठी असेल तर 'सर्टिफाइड', म्हणजे प्रमाणित. आपल्या राज्यात हे काम अकोल्याच्या बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेकडे आहे. हिरव्या चिठ्ठीवर 'ट्रुथफुल' असतं. ट्रुथ म्हणजे सत्य. इथे बियाण्याची हमी यंत्रणेची नाही, विकणाऱ्या कंपनीची स्वतःची असते.

पुढचा शब्द 'जर्मिनेशन', म्हणजे उगवण. भाताच्या प्रमाणित बियाण्याला ती किमान 80 टक्के हवी. पोराला हा शब्द पाठ करायला लावू नका, करून दाखवा. ओल्या गोणपाटात 100 दाणे ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. आठवड्याने पोराला मोजायला बसवा. 80 कोंब आले तर बियाणं चांगलं. इंग्रजीचा शब्द, गणिताची टक्केवारी आणि तुमच्या रोपवाटिकेचा हिशेब असे तिन्ही धडे एका गोणपाटात होतात.

खताची गोण

2022 पासून अनुदानित खताच्या गोण्यांवर 'भारत' हे एकच नाव येऊ लागलं. त्यामुळे नावावर न जाता आकडे वाचा. एन, पी, के ही तीन अक्षरं म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, आणि आकडे त्याच क्रमाने येतात. 10:26:26 च्या 50 किलोच्या गोणीत नत्र 5 किलो, स्फुरद 13 किलो आणि पालाश 13 किलो. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे 45 किलोच्या गोणीत 20 किलो 700 ग्रॅम. 'नीम कोटेड' म्हणजे निंबोळीच्या तेलाचा लेप दिलेला. हा हिशेब सातवीतलं पोर सहज करतं. एकदा करवून घ्या. युरियाची गोण संपूर्ण खत नाही, हे तुमच्याही लक्षात राहील.

मोबाइलवरचा ओटीपी

2021 पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली आणि घरातलं पोरच ती भरून देऊ लागलं. चांगलं आहे. पण 'सबमिट' म्हणजे दिलं, सुपूर्द केलं, एवढं त्याला समजावा. दाबण्याआधी गट नंबर, पीक आणि क्षेत्र तुम्ही पाहा. आणि 'ओटीपी' म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. बँकेच्या नावाने फोन करून कोणी ती मागितली तर द्यायची नाही. घराची किल्ली अनोळखी माणसाला देतो का आपण?

शिकवायचं कसं?

एका दिवशी एकच शब्द घ्या. आधी वस्तू दाखवा, मग शब्द, मग मराठी अर्थ. स्पेलिंग चुकलं तर रागावू नका. आधी ओळख होऊ दे, लिहिणं मागून येतं. पोराला त्या शब्दाचं वाक्य मराठीतच करू द्या. "औषध एक्सपायर झालंय, फवारू नका," असं ते म्हणालं की शब्द त्याचा झाला. आणि तुम्हाला येत नसेल तर लाजू नका, पोरालाच विचारा. बापाने विचारलं की पोराचा हुरूप वाढतो.

सरपंच, ग्रामसेवक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनाही एक विनंती आहे. खरिपाआधी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हे वीस-एक शब्द अर्थासह रंगवून घ्या, चार रंगांचे चौकोनही काढा. रंगाला फार खर्च येत नाही. शाळेतल्या मुलांना ग्रामसभेत ते वाचून दाखवू द्या. गावातल्या बाया मजुरीला जातात, फवारणीचं पाणीही त्याच भरतात. त्यांच्यासमोर हे वाचलं गेलं पाहिजे.

राहता राहिली पडवीतली फळी. आज संध्याकाळीच ती आवरा. तणनाशक एका कोपऱ्यात, कीडनाशक दुसऱ्या कोपऱ्यात, दोन्ही कुलपात ठेवा. पोराला दोन जाड कागदांवर मोठ्या अक्षरांत दोन शब्द लिहायला सांगा आणि ते कागद तुम्ही तिथे चिकटवा. पहिला धडा तोच.