विषाणूला गुणसूत्रात जागा दाखवणारी प्रथिने

एचआयव्हीची जनुकीय माहिती आरएनएच्या रूपात असते. टी पेशीत शिरल्यावर तिची डीएनए प्रत बनते आणि विषाणूचे इंटिग्रेज हे विकर ती प्रत माणसाच्या गुणसूत्रात जोडते. आधी प्रतीच्या दोन्ही टोकांवरची दोन-दोन न्यूक्लिओटाइडे छाटली जातात. मग गुणसूत्राच्या दोन धाग्यांना पाच बेसच्या अंतराने छेद देऊन ती टोके तिथे बसवली जातात. राहिलेल्या फटी बुजवतात ती मात्र पेशीची स्वतःचीच दुरुस्ती-विकरे.

माणसाच्या जीनोममध्ये सुमारे तीन अब्ज बेसजोड्या आहेत. त्यांत एचआयव्ही वाटेल तिथे घुसत नाही, सक्रिय जनुके निवडतो, हे २००२ मध्ये दिसून आले. पुढच्याच वर्षी बेल्जियममधील लूव्हेनच्या संशोधकांना इंटिग्रेजला घट्ट धरून बसणारे एक मानवी प्रथिन सापडले: एलईडीजीएफ/पी७५. चालू जनुकांवर, डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन एच३ प्रथिनाच्या ३६व्या लायसिनवर मिथाइल गटांची खूण असते. या प्रथिनाचा एक भाग ती खूण ओळखून तिथे चिकटतो, दुसरा इंटिग्रेजला पकडतो. विषाणूला जागा शोधावी लागत नाही. पेशीचाच वाटाड्या त्याला नेऊन पोहोचवतो. पेशीतून हे प्रथिन कमी केले, की जनुकांच्या आत होणाऱ्या जोडण्याही घटतात.

त्याआधीचा टप्पा सीपीएसएफ६ हे दुसरे मानवी प्रथिन सांभाळते. ते विषाणूच्या कॅप्सिडला, म्हणजे प्रथिनांच्या कवचाला, बिलगते आणि त्याला केंद्रकाच्या आतल्या, जनुकांनी गजबजलेल्या भागापर्यंत नेते. ते नसले, तर विषाणू केंद्रकाच्या कडेलाच रेंगाळतो आणि तिथल्या सुस्त डीएनएत जोडला जातो.

एचआयव्हीसारख्या सगळ्या रेट्रोव्हायरसांचा वाटाड्या एकच नाही. उंदरांमधील ल्युकेमिया विषाणूला बीईटी प्रथिने जनुकांच्या आरंभस्थानांजवळ नेतात, आणि ही जागा फार धोक्याची. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर याच विषाणूपासून बनवलेल्या वाहकाने जनुकोपचार झाले. बहुतेकांची प्रतिकारशक्ती सुधारली, पण वाहक एलएमओ२ या जनुकाजवळ जोडला गेल्याने काहींना रक्ताचा कर्करोग झाला. पुढे वाहकांची रचनाच बदलावी लागली.

एलईडीजीएफ/पी७५ इंटिग्रेजच्या ज्या खाचेत बसते, ती अडवणारे रेणू औषध म्हणून तयार झाले. त्यांनी जोडणी रोखावी, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांचा मुख्य घाव पडतो तो नव्या विषाणूंच्या जडणघडणीवर: या विषाणूंचा आरएनए कॅप्सिडच्या बाहेरच राहतो आणि ते पुढच्या पेशीला संसर्ग करू शकत नाहीत.