नाताळचे झाड : निवड, सजावट आणि निगा

डिसेंबर महिना लागला की मुंबईच्या उपनगरांतील रोपवाटिकांमध्ये अरोकेरियाच्या कुंड्या पुढे मांडल्या जातात. बोरिवली, अंधेरी, मालाड या भागांत मराठी बोलणारा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. गोराई, मनोरी, मरोळ येथील त्याची गावठाणे जुनी आहेत. पूर्वी या घरांतून नाताळसाठी सुरूची फांदी आणून डब्यात रोवली जाई. गव्हाणीच्या देखाव्याभोवती हिरवळ हवी म्हणून नाचणी किंवा गहू आधीच पेरला जाई. आता पुष्कळ कुटुंबे कुंडीतील जिवंत झाड पसंत करतात. हे झाड अनेक वर्षे टिकू शकते. परंतु सजावटीतील लहानशा चुकीने ते एका सणातच बिघडते.

आमच्या परिचयाच्या बोरिवलीतील एका कुटुंबाने चार मजल्यांचे सुरेख झाड निवडून आणले. आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी मिळून ते सजविले. धाकट्या मुलीने हौसेने शेंड्यावर पत्र्याचा तारा बांधला. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, सजावट उतरविताना ताऱ्याबरोबर शेंडाही हाती आला. झाड मेले नाही, पण त्याचा आकार कायमचा गेला. मुलगी फार हिरमुसली.

असे का होते ?

अरोकेरिया मूळचे दक्षिण प्रशांत महासागरातील नॉरफोक बेटावरचे. कॅप्टन कुक यांनी हे बेट १७७४ मध्ये पाहिले. युरोपात नाताळसाठी वापरल्या जाणाऱ्या स्प्रूस व फर या झाडांना कडक थंडी लागते. अरोकेरियाला मात्र आपल्या किनाऱ्याचे दमट हवामान मानवते. याच्या जवळच्या जातीही रोपवाटिकांत याच नावाने विकल्या जातात.

या झाडाची सरळ वाढ शेंड्याच्या कोंबातून होते. कोंब मोडल्यास खालून एक-दोन फुटवे येतात, पण डौल राहत नाही. बाजूच्या फांदीचे छाट लावल्यास ते मुळे धरते. मात्र पुढेही ते आडवेच वाढते. म्हणून रोपे ताज्या बियांपासून किंवा शेंड्याच्या छाटापासूनच तयार करावीत.

झाडाची निवड

१. शेंडा शाबूत व सरळ असावा. ही खात्री सर्वप्रथम करावी.
२. तळाच्या फांद्या हिरव्या असाव्यात. वाळलेल्या फांद्यांच्या जागी नवीन फांद्या येत नाहीत.
३. खोड हलविल्यास कुंडीत डगमगू नये. डगमगणारे झाड बहुधा नुकतेच कुंडीत बसविलेले असते.
४. फांद्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण नाहीत, हे पाहावे.

सजावट

कुंडीत झाडाच्या उंचीपेक्षा वीतभर उंच बांबूची काठी मुळांना धक्का न लावता कडेने रोवावी. तारा या काठीला बांधावा, शेंड्याला नव्हे. फांद्यांवर कागद, कापूस, काथ्या यांच्या हलक्या वस्तू टांगाव्यात. जड वस्तू टांगायच्याच असल्यास त्या खोडाजवळ टांगाव्यात. जुन्या पद्धतीचे तापणारे दिवे टाळून एलईडी माळ वापरावी. चंदेरी रंग किंवा कृत्रिम बर्फ फवारू नये. त्याने पर्णरंध्रे बुजतात व पानांना प्रकाश मिळत नाही.

झाड खिडकीजवळ ठेवावे. अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा एअर कंडिशनरच्या झोतात ठेवू नये. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी द्यावे व बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. सणात जो तो पाणी घालतो आणि मुळे कुजतात. म्हणून हे काम घरातील एकाकडेच सोपवावे.

सणानंतरची निगा

घरातून काढलेले झाड एकदम कडक उन्हात ठेवू नये. आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळच्या उन्हात ठेवावे. कुंडी दर आठवड्याला थोडी फिरवावी, म्हणजे झाड एका बाजूला झुकत नाही. मार्चनंतर महिन्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात द्यावे. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढावेत.

रोपवाटिकाधारकांसाठी

डिसेंबरमध्ये विकावयाची रोपे जूनमध्येच मोठ्या कुंडीत बदलावीत. लाल माती २ भाग, वाळू १ भाग व कुजलेले शेणखत १ भाग असे मिश्रण वापरावे. टेम्पोत भरताना फांद्या सुतळीने हलकेच वर बांधून शेंड्याभोवती कागदाची नळी करावी.

सुरूच्या फांद्यांची मागणी आल्यास त्या स्वतःच्या लागवडीतीलच द्याव्यात. शहरी भागातील झाडे तोडण्यास १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यान्वये परवानगी लागते. सुरूच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात आणि झाडांची रांग किनाऱ्यावरील वारा अडविते, हेही लक्षात ठेवावे.

वरील कुटुंबाने पुढच्या वर्षी दुसरे झाड आणले. तारा त्याच मुलीने बांधला, पण काठीला. त्या झाडाने आता दुसरा नाताळ पाहिला असून त्याला नवा मजला फुटला आहे. रोपवाटिकाधारकांनी प्रत्येक कुंडीबरोबर बांबूची एक काठी द्यावी आणि ती कशासाठी, हे सांगावे. खर्च अल्प आहे. गिऱ्हाईकाचे झाड टिकले, तर पुढे कुंडी, माती व खतासाठी ते आपल्याकडेच येते.