खड्डा आहे, पाणी मुरते का?

मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराचा तलाव हा आमच्या वस्तीचा पर्जन्यमापक आहे. तमिळ ‘तै’ महिन्यात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, येथे तेप्पम उत्सव होतो. देवाची सजवलेली नौका दिव्यांच्या उजेडात पाण्यावरून फेऱ्या घालते आणि काठावरची गर्दी हात जोडता जोडता किती पायऱ्या बुडाल्या आहेत, हेही मोजून घेते. तलाव भरलेला असेल, तर भोवतालच्या गल्ल्यांतील विहिरींना पाणी असते. ज्यांनी हे तलाव खोदले त्यांना भूजलाचे शास्त्र ठाऊक होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

चेन्नईत वर्षाला सुमारे 1,400 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाचा. तो थोड्या दिवसांत कोसळतो आणि बराचसा समुद्राला मिळतो. या शहराने डिसेंबर 2015 मध्ये महापूर पाहिला आणि 2019 च्या उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत जलाशय. त्या जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला निघालेली ‘जलदूत’ गाडी आठवणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकांना त्या दृश्याचे वर्णन करून सांगायला नको.

वास्तविक तोवर या शहराकडे उपाय येऊन 16 वर्षे झाली होती. जुलै 2003 मध्ये जयललिता सरकारने अध्यादेश काढून राज्यातील सर्व इमारतींना, जुन्या असोत वा नव्या, पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची व्यवस्था सक्तीची केली. मुदत काही आठवड्यांची होती आणि व्यवस्था न करणाऱ्यांची नळजोडणी तोडण्याची तरतूद होती. त्याआधीच, 2002 मध्ये, मैलापूरला लागून असलेल्या मंदवेली भागात ‘रेन सेंटर’ सुरू झाले होते. त्याचे प्रवर्तक शेखर राघवन हे भौतिकशास्त्राचे अभ्यासक, नव्वदच्या दशकापासून दारोदार जाऊन लोकांना हे काम समजावत होते. एका नागरिकाची चिकाटी आणि एका सरकारची जरब असा योग आपल्याकडे विरळाच. त्यानंतर चांगला पाऊस झालेल्या वर्षांत शहरातील विहिरींची पातळी वर आली, हे कोणी नाकारत नाही.

मग 2019 का घडले? पाऊस कमी झाला, शहर वाढले, पाणथळ जागा बुजल्या, ही सगळी उत्तरे खरी आहेत. परंतु आणखी एक उत्तर मला आमच्याच इमारतीच्या आवारात सापडले.

आमच्याकडे 2003 मधला शोषखड्डा होता, तशी नोंदही होती. त्या जूनमध्ये टँकरच्या रांगेला कंटाळून आम्ही त्याचे झाकण काढले. आत वाळू नव्हती, चिखलाचा घट्ट थर होता. शोषखड्ड्यातील वाळू आणि खडी गाळ अडवते, म्हणूनच ती दर पावसाळ्याआधी काढून धुवावी लागते. आम्ही 16 वर्षांत एकदाही धुतली नव्हती. कोणी विचारलेही नव्हते. सरकारी कागदावर प्रश्न एकच होता, खड्डा आहे का? आमचे उत्तर ‘आहे’ असे होते आणि ते खोटेही नव्हते.

खड्डा साफ केला आणि एक वही घातली. दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला वजन बांधून विहिरीतील पाण्याची पातळी मोजायची आणि लिहायची. पहिल्या पावसात पातळी वाढली, पण अपेक्षेइतकी नाही. शोध घेतला तेव्हा कळले की मध्यंतरी गच्चीला नव्या फरशा बसवताना निम्म्या गच्चीचे पाइप गटाराला जोडले गेले होते. तीनशे चौरस मीटरची गच्ची धरली, तर वर्षाचे पाणी 4.2 लाख लिटर होते. एक पंचमांश वाया गेले तरी 12 हजार लिटरचे 28 टँकर भरतील, आणि त्यातले निम्मे आम्ही गटारात सोडत होतो. पुढच्या वर्षी पाण्याला वास येऊ लागला. मोटारी धुतलेले पाणी खड्ड्यात उतरत होते. ते वेगळे काढले. जपानी कारखान्यांतील ज्या ‘कायझेन’वर आपल्याकडे शिबिरे भरवली जातात, ते याहून फार निराळे नसावे. वही नसती, तर पाइपची चूक आणखी 16 वर्षे कोणाला दिसली नसती.

आमच्या इमारतीने केलेली चूक सरकारे मोठ्या प्रमाणावर करतात. महाराष्ट्रातील ‘जलयुक्त शिवार’चेच पाहा. सुमारे 9,634 कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही, असे ‘कॅग’ने 2020 मध्ये म्हटले. ‘जलपरिपूर्ण’ जाहीर झालेल्या अनेक गावांत प्रत्यक्षात तेवढे पाणी नव्हते. या निष्कर्षावर राजकीय वाद झाला, आणि तो ज्याच्या त्याच्या पक्षाप्रमाणे झाला. मला त्यातला ‘जाहीर’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. गाव एकदा परिपूर्ण जाहीर झाले की तिथे पुन्हा मोजायला जाण्याचे कारणच संपते.

त्याच राज्यात हिवरे बाजार आहे. तिथे पाऊस चेन्नईच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने बांधबंदिस्ती केली, ती अनेक गावांनी केली. पण हे गाव दरवर्षी पाऊस आणि भूजल मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडते आणि पिके त्यावर ठरवते. पाऊस कमी झाला, तर पेराही कमी होतो. ऊस आणि सिंचनासाठीच्या कूपनलिका यांना तिथे मनाई आहे. त्या गावाला आपण परिपूर्ण झालो असे अजून वाटलेले दिसत नाही.

चेन्नईत 2019 च्या टंचाईनंतर पुन्हा तपासणीची मोहीम निघाली, मुदती दिल्या गेल्या. तपासनीस येतो, झाकण पाहतो आणि खूण करतो. विहिरीची पातळी विचारली तर तो थोडा वेळ अधिक थांबेल, आणि ज्यांच्याकडे उत्तर नसेल त्यांना पुढच्या वर्षासाठी दोरी शोधावी लागेल. महानगरपालिकेला यासाठी नवा कायदा नको, अर्जात एक रकाना हवा. तो भरताना लोक खोटे लिहितील, असा आक्षेप मी ऐकला आहे. लिहितील, पण शेजारच्या दहा विहिरींच्या आकड्यांपुढे एक खोटा आकडा लपत नाही.

सप्टेंबर संपत आला आहे. आमच्या खड्ड्यातील वाळू धुऊन गच्चीवर वाळत घातली आहे. समोरच्या इमारतीचे सचिव काल वही पाहायला मागत होते. त्यांच्या खड्ड्याचे झाकण सापडत नाही म्हणे, त्यावर मोटार उभी असते.