शाळेतले ‘मंत्री’ नेमकं काय शिकतात?

जून-जुलैत असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील: जिल्हा परिषदेच्या शाळेत मोबाईलचंच मतदान यंत्र, मग पोषण आहार मंत्री, स्वच्छता मंत्री यांचा शपथविधी. गोड वाटतं. पण नुसता बिल्ला लावून नेतृत्व येतं का?

राजस्थानातल्या तिलोनियाची बाल संसद पाहा. दिवसा गुरं राखणारी मुलं तिथे रात्रशाळेत शिकत आणि आपले प्रतिनिधी मतदानाने निवडत. शिक्षक वेळेवर येतात का, दिवे चालतात का, पाणी आहे का, यावर लक्ष ठेवणं हे या प्रतिनिधींचं काम होतं. तक्रार मांडायची तर आधी स्वतः पाहावं लागतं, इतरांचं ऐकावं लागतं, मग मोठ्यांसमोर (अडखळत का होईना) बोलावं लागतं. संवादकौशल्य ते हेच. पाठ केलेलं भाषण वेगळं.

मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत विचारात घ्या, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं कलम १२ सांगतं. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. म्हणजे सातवीतली आहार मंत्री ‘खिचडी कच्ची राहते’ म्हणाली, तर तिला उत्तर मिळायला हवं.

पुढच्या पालकसभेत एवढंच विचारा: गेल्या महिन्यात मंत्रिमंडळाने काय मागितलं आणि त्याचं काय झालं?