जुनी दिसणारी नवी रिव्हॉल्वर: अमेरिकेत ‘बंदूक’ नाही, मग भारतात का?

अक्रोडाच्या लाकडाची मूठ, पितळी ट्रिगर गार्ड, निळसर काळी नळी. अशा रिव्हॉल्वरचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. ती दीडशे वर्षं जुनी वाटते, पण कदाचित गेल्याच वर्षी बनलेली असते. हा प्रकार नेमका काय आहे?

या रिव्हॉल्वर बनतात कुठे?

मुख्यतः उत्तर इटलीत, ब्रेशिया शहराच्या परिसरात. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी १९६१ मध्ये सुरू होणार होती. त्या काळातल्या शस्त्रांना मागणी वाढली, पण अस्सल नग महाग आणि दुर्मीळ होते. इथल्या कारागिरांनी ‘कोल्ट १८५१ नेव्ही’सारख्या मॉडेलच्या प्रतिकृती बनवायला घेतल्या. १९५९ मध्ये सुरू झालेली उबेर्ती आणि पिएत्ता ही त्यातली मोठी नावं.

काही प्रतिकृती इतक्या महाग का?

किंमत ठरते ती हातकामावर. सुटे भाग एकमेकांत किती चपखल बसवलेत, पोलादावर निळी झाक किती खोल आहे, फ्रेमवर उष्णतेने आणलेले रंग कसे आहेत आणि नक्षी हाताने कोरली की यंत्राने, हे ग्राहक पाहतात.

अस्सल म्हणून नक्कल विकली तर?

असे प्रकार होतात. इटलीतल्या प्रत्येक नगावर सरकारमान्य चाचणीचे शिक्के आणि वर्षाचा कोड असतो. फसवणारे तो घासून काढतात आणि धातू मुद्दाम जुना करतात. त्यामुळे घासल्याच्या खुणा दिसल्या की जाणकार सावध होतात.

अमेरिकेत नियम काय?

तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र ‘अँटिक’ ठरतं. सुटी दारू आणि गोळी भरून चालणाऱ्या जुन्या मॉडेलच्या प्रतिकृतीलाही ही सूट मिळते. पण आधुनिक काडतूस वापरणारी १८७३ च्या कोल्टची नवी नक्कल मात्र पूर्ण ‘बंदूक’ मानली जाते. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात.

मग भारतात मागवता येईल?

इथेच अनेकांची गल्लत होते. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. इटलीची प्रतिकृती नवीकोरी असते आणि गोळी झाडते. त्यामुळे ती परवान्याच्या कक्षेत येते. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो.

थोडक्यात, ‘अँटिक आहे, परवाना लागत नाही’ असं कुणी सांगितलं, तर एकच प्रश्न विचारा: यातून गोळी सुटते का? उत्तर ‘हो’ असेल, तर ती शोभेची वस्तू नाही.