डिदर : एका थरथरीची कुळकथा

कासारवाडीतल्या एका वर्कशॉपसाठी मी हायड्रॉलिक प्रेसच्या माहितीपुस्तिकेचे मराठी करत होते. त्यात ‘डिदर’ हा शब्द आला. डिदर म्हणजे कचरणे, निर्णय न होणे, एवढेच मला ठाऊक. मी बेधडक लिहिले, ‘व्हॉल्व्हची चलबिचल दुरुस्त करावी.’ मजकूर वाचून तिथले जुने फिटर म्हणाले, “मॅडम, ही काढली तर प्रेस झटके देईल. इथे माणसांचे हात असतात.”

त्यांनी माझे बोट चालू व्हॉल्व्हवर ठेवले. आत बारीक थरथर होती.

व्हॉल्व्हमधला दांडा स्थिर राहिला की घर्षणाने चिकटतो. मग थोडा विद्युतप्रवाह वाढवून तो हलत नाही, आणि हलला की एकदम उडी घेतो. म्हणून प्रवाहातच सेकंदाला साधारण शंभर-दोनशे वेळा हलका कंप मिसळतात. दांडा सतत थरथरत राहतो, म्हणून हुकूम मिळताच अलगद सरकतो. प्रेशर गेजचा काटा नीट बसावा म्हणून आपण काचेवर टिचकी मारतो, तसेच हे.

घरी येऊन शब्दाचे मूळ पाहिले. सतराव्या शतकात डिदरचा अर्थ थरथरणे हाच होता. त्याआधीचे रूप ‘डिडर’, चौदाव्या शतकातले. मधला ड मऊ होऊन द झाला. जुन्या इंग्रजीतल्या ‘फॅडर’चा ‘फादर’ झाला तसा. मनाच्या घालमेलीचा अर्थ बराच नंतरचा. म्हणजे मला माहीत होता तो अर्थ नवा, आणि कारखान्याने जपला तो जुना!

‘डिडर’ उच्चारून पाहा, जीभच थरथरते. आपली ‘थरथर’, ‘लटलट’ याच जातीची. मोल्सवर्थने कोशात असे शब्द अनुकरणवाचक म्हणून वेगळे दाखवले, ते उगीच नाही. पण आपण कारणेही वाटून घेतली आहेत : थंडीने हुडहुडी, भीतीने लटलट कापणे, रागाने थरथरणे, म्हातारपणी हाताला कंप. संस्कृतातला ‘वेपथु’ गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या अंगाला सुटतो. मराठीत तो रुळला नाही. आणि ‘चलबिचल’? तीही हलण्यातूनच मनात शिरलेली. माझी चूक अगदीच परकी नव्हती, धोक्याची मात्र होती.

पुस्तिकेत मी ‘सूक्ष्म कंप’ लिहिले. फिटरकाकांनी ते पेन्सिलने खोडून वर ‘थरथर’ केले, आणि खाली जोडले : ‘बंद करू नये.’ छापताना तेच ठेवले.